पट्टी मागे कशी गेली?

"चहा उकळेपर्यंत सगळे फोटो नव्या कॉम्प्युटरवर!" जावयाने छाती ठोकून सांगितलं.

सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. जन्मभर काढलेले फोटो एका जुनाट कॉम्प्युटरमध्ये होते, आणि तो एकदा बंद झाला तर पुन्हा सुरू होईल याची कोणीच हमी देत नव्हतं. जावई सॉफ्टवेअरवाला खरा, पण लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्याच्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम. इथे नाक कापून घेऊन चालणार नव्हतं!

त्याने काम आठ भागांत वाटलं. आठही भाग एकाच वेळी फोटो हलवणार आणि आपापली प्रगती पडद्यावरच्या एकाच पट्टीवर दाखवणार. तिथेच घोळ झाला. पट्टी सत्तर टक्क्यांवर गेली, झर्रकन बारावर आली, मग पन्नास, मग तीन!

"जावईबापू, फोटो परत निघाले!" सासरे ओरडले.

"परत नाही हो, बाबा! आठही भाग आपापला आकडा सांगताहेत."

"मग एकेकाने बोलायला सांगा ना!"

जावयाने घाम पुसत फेरफार केला. जो भाग सर्वांत पुढे, त्याचाच आकडा दाखवायचा. आता पट्टी मागे जायची बिशाद नव्हती! गेलीही नाही. एका भागाच्या वाट्याला नेमकं रिकामं फोल्डर आलं होतं. त्याचं काम तत्क्षणी संपलं आणि पट्टी थेट शंभरावर!

"वा! मानलं तुम्हाला!" म्हणत सासऱ्यांनी जुन्या कॉम्प्युटरचं बटण बंद केलं.

"बाबा, नको!"

सासऱ्यांचा चेहरा पार उतरला, जावयाला बघवेना. चहा घेऊन आलेल्या जावयाच्या बायकोने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. कॉम्प्युटर खोकला, घरघरला आणि सुरू झाला!

उरलेले फोटो निघाले. पट्टी मात्र कोणालाच नको होती. जावयाने पडद्यावर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य टाकलं: 'काम चालू आहे. हात लावू नये.'

तिघंही समोर ठाण मांडून बसले. जेवणाची वेळ टळली, दुपार कलली. आलेल्या गिऱ्हाइकाला सासऱ्यांनी खुणेनेच परत पाठवलं.

"होऊ दे सावकाश," ते म्हणाले. "तुम्ही आहात ना, मग मला काळजी नाही."

जावयाचा ऊर भरून आला.

दिवेलागणीला बायकोने जांभई देत विचारलं, "काय हो, काम संपलं की हे वाक्य बदलेल ना?"

जावयाने नव्या कॉम्प्युटरवर शेवटचा फोटो कधी आला ते पाहिलं आणि खाली मान घातली.

"ते... लिहायचं राहिलं."

काम सकाळीच आटोपलं होतं!