मंदाताईंचे प्रकाशक

आमच्या टॅम्पिनीसच्या ब्लॉकमधल्या मंदाताई टिपणीस लिफ्टमध्ये शिरल्या की आधी प्रकाशकाला शिव्या घालतात आणि मग मजल्याचं बटण दाबतात. प्रकाशक लंडनचा. त्याला जाऊन सव्वाशे-दीडशे वर्षं झाली, पण ताईंचा राग तव्यावरून आत्ताच उतरवल्यासारखा गरम. "सगळे हक्क कायमचे लिहून घेतले मेल्याने, आणि वर बाईला म्हणतो, शेवट जरा गोड करा." शेजारची चिनी आजी सहानुभूतीने मान डोलावते. तिला वाटतं, सुनेबद्दल चाललंय.

ताई पुण्याला कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लेखिका आणि त्यांचे प्रकाशक हा त्यांचा जन्माचा विषय. यजमान गेल्यावर मुलाने त्यांना इथे आणलं, तेव्हा त्या सगळ्या लेखिकाही बरोबर आल्या, व्हिसाशिवाय. ताई बोलायला लागल्या की वाटतं, त्या बायका इथे जवळच सेरंगूनला राहतात आणि त्यांची लग्नं ताईंनीच जमवलीत. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, लेखिका आणि प्रकाशक. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधला, लाक्साच्या तिखट शेवया विकणारा काका लेखिका, कारण तो जीव ओतून करतो. त्याच्याकडून स्टॉलचं भाडं घेणारा प्रकाशक. मी एकदा पुरणपोळीची कृती बायकांच्या ग्रुपवर टाकली, तर वरच्या मजल्यावरून ताईंचा फोन आला, हक्क राखून ठेवलेत का म्हणून.

मी हसते खरी, पण मला तोंड नाही. विशीत मीही कथा लिहायची. एका संपादकांनी माझी कथा 'साभार परत' असा शिक्का मारून पाठवली, तर मला त्या 'साभार'मध्ये जिव्हाळा दिसला. शिक्का होता बरं का, रबराचा. तेवढ्यावर मी ठेवणीतली साडी नेसून त्यांच्या कचेरीच्या जिन्यापर्यंत गेले. वरून कुणीतरी खोकलं आणि मी पळून आले. अशी ही विदुषी.

तर मध्यंतरी ताईंनी स्वतःच कादंबरी लिहिली. साताऱ्याच्या एका शिक्षिकेची, तीन खंडांत. तीन का, तर त्या काळी तिकडची वाचनालयं तीन खंडांतच घ्यायची. शिवाय त्या बायका पुरुषाच्या नावाने लिहायच्या, म्हणून पुण्याच्या एका प्रकाशकाकडे कादंबरी गेली ती कर्नल य. बा. शिलेदार या नावाने. बाईचं नाव बघून मेला वाचणारच नाही, असं ताईंचं म्हणणं.

मेल्याने वाचली आणि फोनही केला, नेमका ताई माझ्याकडे आल्या असताना. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला, पितळी तांब्या तोंडाशी धरला आणि त्यातून कर्नल बोलू लागले. मी समोर सोफ्यावर, ओढणीचा बोळा तोंडात कोंबून. प्रकाशक मोठा अदबशीर माणूस. साहेब कुठल्या रेजिमेंटला होते, त्याने विचारलं.

"ते गुप्त आहे," तांब्या म्हणाला.

मग प्रकाशक हळहळला. कादंबरी फार आवडली होती. पण शिक्षिकेच्या मनातलं कर्नलला इतकं कसं कळलं, असं वाचक विचारतील. लेखक बाई असत्या तर किती सोपं झालं असतं, हल्ली तर लोक बायकांचीच पुस्तकं मागतात. ताईंच्या हातातून तांब्या निसटला. फरशीवर असा काही आदळला की पलीकडून घाबऱ्या आवाजात विचारणा झाली, कर्नलसाहेब सीमेवर आहेत का. माझी नात खोलीतून डोकावली. "आजी, सो ड्रामा लाह," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

कर्नलना त्याच आठवड्यात निवृत्त केलं. ताई स्वतःच्या नावाने बोलू लागल्या. मला वाटलं, आता पुस्तक आलंच. पण आलं ते भांडण. रोज दुपारी, जेवणं झाली की पुण्याचा फोन. प्रकाशक म्हणे, एकच खंड काढू. ताई म्हणे, तीन. तो दोनवर आला, ताई तीनवरच. तो तीनवर आला, तर ताईंना कागद पिवळट हवा. कागद मिळाला, तर टाइप बारीक वाटला. टाइप वाढवला, तर मुखपृष्ठावरच्या शिक्षिकेचं नाक पटेना. शेवटी बिचाऱ्याने सांगून टाकलं, नाकासकट सगळं तुमच्या मनासारखं करतो, पण सोमवारपर्यंत होकार द्या. छापखान्यातली पाळी गेली तर मग मला हे पुस्तक काढता येणार नाही.

सोमवारी संध्याकाळी ताई खाली व्हॉइड डेकला, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, बाकावर बसलेल्या दिसल्या. होकार दिला नव्हता. मी तडकलेच. जन्मभर परक्या बायकांच्या पुस्तकांसाठी भांडलात आणि स्वतःचं दारात येऊन उभं आहे तर कडी घालून बसलात, असं बरंच काही बोलले. ताईंनी उलट एक शिवी दिली नाही, तेव्हा मात्र मी थांबले.

"होकार दिला की तो छापेल," त्या म्हणाल्या.

"मग तेच हवंय ना तुम्हाला?"

"छापल्यावर फोन कशाला करेल तो?"

मी शेजारी बसले. मुलगा-सून सकाळी एमआरटीची मेट्रो पकडतात ते दिवेलागणीला उगवतात. नातू प्रेमळ आहे, पण बोलतो इंग्रजीत आणि तेही कानातलं न काढता. पोळी छान झाली असं सगळेच म्हणतात. दिवसाकाठी ताईंना मराठीत 'तुमचं चुकतंय' म्हणणारा तेवढा एकच माणूस होता.

पुण्यात अजून दुपार होती. मी त्यांच्या पिशवीतून फोन काढून हातात दिला आणि तोंड दुसरीकडे केलं. त्यांनी होकार दिला, पण इतक्या हळू, की पलीकडच्याला तो परत विचारावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला खंड उघडला. ताईंनी तो केव्हाचा मला वाचायला दिला होता. दुसरं प्रकरण इतकं सुरेख होतं की माझी डाळ लागली. दुपारी जेवणं झाल्यावर मी वर फोन लावला.

"ताई, ते दुसरं प्रकरण मला अजिबात पटलेलं नाही. साताऱ्याची बाई असं बोलणारच नाही."



"थांबा," ताई म्हणाल्या, "खुर्ची ओढून घेते."