पदकावरचे डावे हात

गावातल्या धनिक लांबर्टच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून पाहुण्यांना वाटायची चाळीस चांदीची पदकं मखमलीत गुंडाळता गुंडाळता गेरब्रांडची बायको आल्त्ये थांबली.

"अहो, या दोघांनी डावे हात का धरलेत हो?"

"उजवे आहेत ते," गेरब्रांड न बघताच म्हणाला. अख्ख्या हार्लेममध्ये त्याच्यासारखी पदकं कोरणारा दुसरा नाही, असं लोक म्हणत. तसं म्हणायला सुरुवात त्यानेच केली होती.

"मग माझेच डोळे फिरले असतील. अंगठे बघा."

गेरब्रांडने अंगठे बघितले. डावेच होते. पदकाचा पोलादी ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा कुठे चांदीवर चित्र सुलटं उमटतं. अक्षरं त्याने चोख उलटी कोरली होती. कडेचा शेपूट तोंडात धरलेला साप, म्हणजे अखंडता, कसाही फिरवला तरी सापच. पायाशी बसलेला कुत्रा, म्हणजे निष्ठा, तोही निभावून गेला. हात मात्र कागदावरून जसेच्या तसे उतरले होते, म्हणून चांदीवर उजव्याचे डावे झाले.

आता डाव्या हाताचं लग्न म्हणजे काय, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बडा सरदार हलक्या घरातल्या बाईशी लावतो ते. तिला ना त्याचं नाव, ना घरात मान. आणि लांबर्टची बायको माख्तेल्ड लग्नाआधी त्याच्याच घरी स्वयंपाकीण होती. ते विसरायला गावाने चांगली वीस वर्षं घेतली होती.

"नवा ठसा करा," आल्त्ये म्हणाली.

"तीन आठवडे लागतात. जेवण उद्या दुपारी आहे."

"मग सरळ सांगून टाका, चुकलं म्हणून."

तेवढं एक शक्य नव्हतं. तीनच महिन्यांपूर्वी सोनारांच्या मंडळाचा परीक्षक म्हणून गेरब्रांडने फोल्कर्टला उस्तादकीच्या परीक्षेत नापास केलं होतं. चाळिशी उलटलेला माणूस. गुन्हा काय, तर त्याच्या पदकावरच्या कप्तानाने तलवार डाव्या हातात धरली होती. "ज्याला उलटं कोरता येत नाही, त्याने चीज विकावं," असं गेरब्रांड भर सभेत म्हणाला होता. हा फोल्कर्ट माख्तेल्डचा चुलतभाऊ. उद्या जेवायला तो असणारच.

दुसऱ्या दिवशी हेरिंग मासे झाले, हॅम झालं, मसाल्याची गोड वाइन फिरली आणि पदकं वाटली गेली. माख्तेल्डने आपलं पदक उजेडात धरलं आणि तिचा चेहरा पडला.

"डावे हात?" ती म्हणाली. "म्हणजे मी अजून स्वयंपाकीणच का?"

सगळ्यांच्या सुऱ्या थांबल्या. लांबर्टचे कान लालबुंद झाले. गेरब्रांड उठून उभा राहिला. काय बोलायचं ते त्याला अजून माहीत नव्हतं.

"बाईसाहेब, चर्चमध्ये उजवा हात सगळेच देतात. तो झाला करार. काळीज डावीकडे असतं. काळजाचा हात मी आजवर कुणाच्याच पदकावर कोरला नाही. तसं जोडपंच भेटलं नव्हतं."

माख्तेल्डने डोळे पुसले, लांबर्टनेही पुसले, आणि पाद्रीबुवा "वा!" म्हणाले. गेरब्रांडलासुद्धा गहिवरून आलं.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाला फोल्कर्ट उठला.

"उस्ताद, काळजाचा हात डावा, हे पक्कं ना?"

"पक्कं," गेरब्रांड म्हणाला. सगळे बघत होते.

"मग माझा कप्तानही देशासाठी काळजाच्या हातानेच लढत होता की!"

गेरब्रांडने वाइनचा लांब घोट घेतला. "मला तेव्हाच वाटलं होतं," तो म्हणाला.

सोमवारी फोल्कर्ट उस्ताद झाला. त्याच आठवड्यात तीन जोडपी गेरब्रांडच्या दारात आली. तिन्ही जोडप्यांना काळजाचे हात हवे होते. गेरब्रांडने कागदावर दोन सुरेख डावे हात काढले आणि जीव ओतून ठसा कोरला. पहिलं पदक निघालं. आल्त्येने ते उजेडात धरलं, अंगठे बघितले आणि त्याच्यापुढे ठेवलं. हात उजवे उमटले होते.

गेरब्रांडने टोपी चढवली.

"आता कुठे निघालात?"

"फोल्कर्टकडे," तो म्हणाला. "डावे हात त्याला बरोबर जमतात."