भाऊसाहेबांची बेरीज

"माझ्या पोरीचं लग्न लागलं आणि कॉलेजचं एक काळं कुत्रंसुद्धा तिकडं फिरकलं नाही!" प्राचार्य असे ओरडत होते, की पाथर्डी स्टँडवर सुटायला निघालेली एसटी दचकून पुन्हा फलाटाला लागली असावी. "निमंत्रण मी स्वतः मेल केलं होतं. कुठं गेलं ते?"

"कचऱ्यात, सर," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "बेरीज साडेनऊ आली."

आमच्याकडे ऑफिसातला प्रत्येक क्लार्क भाऊसाहेबच असतो. पण कॉलेजच्या मेलची चाळणी सांभाळणारे हे भास्करराव म्हणजे भाऊसाहेबांचे भाऊसाहेब. आलेला प्रत्येक मेल त्यांच्या चाळणीतून जातो. अनोळखी पत्ता असला की दीड गुण. 'फुकट' दिसलं की दोन. 'लॉटरी' तीन. ओळखीच्या माणसाचा मेल असेल तर उलटे गुण वजा. बेरीज पाचाच्या आत राहिली तर मेल तुमच्यापर्यंत पोचतो, पाचावर गेली की कचऱ्यात. "पन एका शब्दावर कुनाला बुडवायचं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "बेरीज बघायची."

इथवर ठीक होतं. पण हा गृहस्थ माणसांनाही त्याच चाळणीत घालतो. मी एकदा रजेच्या अर्जाचं विचारायला गेलो, तर मान वर न करता म्हणाले, "सर, 'फक्त दोन मिनिटं' म्हनालात, दीड. खांद्यावर हात ठेवलात, दोन. आता हसू नका, कचऱ्यात बसाल." मी रजा रद्द केली आणि तापात तास घेतले. आमचे शिपाईमामा तर दारातूनच विचारतात, "भाऊसाहेब, म्या आज कितीवर हाय?" विमा विकायला आलेला माझा मेहुणा तेवढा आल्याआल्या अकरावर गेला. तो एक दिवस सोडला, तर या माणसानं माझं डोकं कायम उठवलेलं आहे.

आणि आता हे लग्न. प्राचार्य मुलीच्या साखरपुड्याला श्रीगोंद्याला गेले. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे जमलेल्या मंडळींनी साखरपुड्याला जोडूनच लग्न उरकायचं ठरवलं. मुहूर्त दुसऱ्या दिवशी दुपारचा. कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुप 'शुभ सकाळ'ला कंटाळून सरांनी स्वतःच बंद केलेला, फोन करत बसायला उसंत नव्हती; म्हणून मुलीच्या मेलवरून सगळ्या स्टाफला एकदम निमंत्रण गेलं. स्टाफसाठी वेगळी पंगत धरली होती. व्याह्यांच्या डोळ्यांदेखत तिथं वाढपी जिलबीची ताटं घेऊन एकमेकांकडे बघत उभे.

"साडेनऊ कसे?" प्राचार्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"मुलीचा पत्ता अनोळखी, दीड. उद्गारचिन्हांचा एक. लाल अक्षरांचा एक. नकाशाच्या लिंकचा एक. साडेचार झाले." भाऊसाहेबांनी पुढची ओळ बोटानं दाखवली. "आनि 'सहकुटुंब'चे पाच."

"आत्ताच्या आत्ता काढा सगळं. नाहीतर ही चाळणी उद्यापासून बाहेरचा माणूस बघेल आणि तुम्ही आवक-जावकला बसाल."

आवक-जावक म्हणजे टपालावर शिक्के मारायचे. या माणसाचा जीव त्या कॉम्प्युटरात. दिवाळीला ते आधी त्याची पूजा करतात आणि मग कॉलेजच्या लक्ष्मीची. त्यांनी भराभर उद्गारचिन्हं शून्यावर आणली, लाल रंग शून्यावर, नकाशा शून्यावर. मग हात थांबला.

"सहकुटुंब न्हाई काढता येनार, सर."

"का?"

भाऊसाहेबांनी माउस बाजूला सारला.

"मग उठा."

भाऊसाहेब उठले. की-बोर्डवर कव्हर घातलं, खुर्ची आत सरकवली आणि आवक-जावकच्या टेबलाशी जाऊन बसले.

माझा पारा चढला. मी चहाचे दोन कप घेऊन त्यांच्यापुढं जाऊन बसलो. "अहो, एका शब्दावर कुणाला बुडवायचं नाही म्हणून तुम्हीच आमचे कान किटवता. मग या एकट्या शब्दाला पाच? आणि त्याच्यासाठी खुर्ची घालवलीत?"

भाऊसाहेबांनी चहावरची साय बोटानं बाजूला केली. "सर, तुमी मला सहकुटुंब बोलावलं असतं का?"

मी हातातला कप खाली ठेवला. वहिनींना जाऊन दुसरं वर्ष चाललंय. मूलबाळ नाही. दहाव्याला आम्ही सगळे होतो; प्राचार्य तर शेवटपर्यंत थांबले होते.

"अहो, पण निमंत्रणाचा मजकूर ठरलेला असतो," मी म्हणालो. "सरांच्या मनात तसं काही नसणार. नाव न बघता सगळ्यांनाच तेच लिहितात."

"व्हय," भाऊसाहेब म्हणाले. "त्यालाच स्पॅम म्हनत्यात, सर."