फ्लॅट रणधीरचा, राहतो धनाजी

लग्नाला मुलगी लागते, हा जुन्या काळचा समज. आता आधी फ्लॅट लागतो. आमच्याकडच्या ताज्या पाहणीनुसार (पाहणी धाराशिवकडच्या वाशीच्या बाजारात, चहावर झाली) बिनफ्लॅटच्या मुलाचा फोटो मुलीकडचे पालथा घालतात आणि वर कपबशी ठेवतात.

वाशीच्या मथुराबाईंचा रणधीर नळदुर्गला नोकरीला होता. टायरच्या दुकानावर पत्र्याची खोली, भाड्यानं. खोलीत दोष एकच: ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ होतं (त्यामुळं प्रगती दिसत नव्हती). मथुराबाईंनी त्याला धाराशिवला फ्लॅट घ्यायला लावला. दुसरा मजला, गॅलरी, आणि लिफ्टसाठी राखून ठेवलेला खड्डा. हप्ता पगाराच्या डोक्यावरून जाऊ लागला तसा फ्लॅट भाड्यानं दिला. रणधीर पत्र्याखालीच राहिला, पण मालक म्हणून. मालकीसोबत सोसायटीच्या मीटिंगा मिळाल्या, वरच्या मजल्यावरून झिरपणारं पाणी मिळालं, आणि न पटणारे शेजारी जन्मभरासाठी मिळाले. भाडेकरू धनाजीला यातलं काहीच मिळालं नाही. तो बिचारा नुसता राहायचा. (सोसायटीत एकट्या पोराला जागा देत नाहीत, म्हणून तो रणधीरचा धाकटा भाऊ असल्याचं सांगितलं होतं.)

सोनारीच्या महारुद्र आबांची निकितासाठी एकच अट होती, पोरगी फ्लॅटमध्ये नांदली पाहिजे. मंडळी घर बघायला आली. धनाजीला तेवढ्यापुरतं बाहेर धाडायचं ठरलं होतं, पण गॅसच्या शेगडीची खोड त्यालाच माहीत, म्हणून ठेवून घेतला.

रणधीर पाणी आणायला उठला आणि न्हाणीघरात शिरला. साखरेचा डबा धनाजीनं काढून दिला.

निकितानं विचारलं, "लग्नानंतर आपण इथंच ना?"

रणधीरला खोटं बोलायची सवय नव्हती. "नळदुर्गला. पत्र्याची खोली हाय. हवेशीर."

"आन् इथं?"

"इथं धनाजी. हप्ते फिटंपर्यंत."

"कवा फिटतेत?"

"रिटायर झालो की लगेच."

निकिता गॅलरीत जाऊन उभी राहिली. "ही तुळस कुणी लावली?"

"म्या," धनाजी म्हणाला.

आबा हिशोबी माणूस. त्यांनी बशीतला चहा संपवला. "मथुराबाई, फ्लॅट लई झ्याक हाय, न्हाय म्हणत न्हाय. पर आमची अट राहायची व्हती." मग ते धनाजीकडं वळले. "पाव्हणं, गाव कुठलं तुमचं?"

मथुराबाईंनी उरलेला चिवडा डब्यात भरायला घेतला. हा प्रश्न आमच्याकडं कोणी पत्ता लिहून घ्यायला विचारत नाही.

लग्न झालं. पत्रिकेत निमंत्रकांच्या खाली रणधीरचं नाव होतं, हुद्दा 'घरमालक'. महिन्याभरात रणधीरला निकिताचा फोन आला. "भाऊजी, मोरीत पाणी झिरपतंय. तुम्हीच बघा आता." (सोसायटीच्या नोंदीप्रमाणं संबोधन बिनचूक होतं.)

मथुराबाईंनी त्याच्या पिशवीत भाकरी बांधून दिली. "जा बाबा. तुजंच घर हाय ते."

तुम्ही हसलात, हरकत नाही. पण तुमची पोरगी उजवायची झाली की पहिला प्रश्न तुम्हीही हाच विचारणार: मुलाचा फ्लॅट आहे का?

आहे की. पोरगा निर्व्यसनी आहे, नळदुर्गला असतो. नंबर देऊ?