केशरी पिल्लाचा बाप

स्वयंपाकघराची खिडकी उघडायची की नाही, एवढाच प्रश्न होता. मी उघडली. बायको घराबाहेर असताना नवऱ्यानं स्वतःच्या डोक्यानं काही करू नये, हे मला त्यानंतरच्या दोन महिन्यांत नीट समजलं.

आमच्या घरी एक पर्शियन मांजरी आहे. बायको तिला राणी म्हणते, मी राणीसाहेब म्हणतो (घरात हुद्द्यानं ती माझ्या वर आहे). काळा आणि केशरी रंग तिच्या अंगावर असा कालवलाय, की वाटावं रंगाऱ्यानं काम संपल्यावर हिलाच ब्रश पुसले. याला टॉर्टी म्हणतात आणि तो मोठा मानाचा रंग असतो म्हणे. बायको जातिवंत मांजरांची पैदास करते. पण ऊठसूट नाही. वर्ष-दीड वर्षातून एखादं बाळंतपण, तेही नवरा-नवरीची हृदयापासून मूत्रपिंडापर्यंत सगळी तपासणी झाल्यावर. (माझं ब्लडप्रेशर घरात शेवटचं कुणी मोजलं, ते मला आठवत नाही.)

त्या दिवशी राणीसाहेब माजावर होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना सासरी पोचवायचं होतं. नवरदेव म्हणजे एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा बोका. रंगानं करडा, पण या लोकांत करड्याला निळा म्हणतात. आता मीही म्हणतो. एकदा वाद घालून पाहिलाय. त्याचे रिपोर्ट आणायला निघताना बायकोनं बजावलं, "अहो, दारं-खिडक्या बंद राहू द्या. आणि तिच्यावर लक्ष ठेवा."

लक्ष होतंच. पण राणीसाहेबांचा तो सतत लागलेला आर्त सूर, कोंदट घर आणि उकाडा! जरा वारा येऊ दे म्हणून खिडकी उघडली, तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. एक फाईल सापडत नव्हती. ती माझ्याच खणात असल्याचं कबूल करून परत येतो, तर ओट्यावर पैलवान!

पैलवान हा गल्लीतला केशरी बोका. एक कान फाटलेला, मान माझ्या दंडाहून जाड. आणि राणीसाहेब खाली फरशीवर मजेत लोळत होत्या. मी झाडू उगारला. पैलवानानं माझ्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि सावकाश आल्या वाटेनं निघून गेला. मी खिडकी लावली. काही झालं होतं की नव्हतं? दोघांपैकी कुणीच बोलायला तयार नव्हतं.

"सगळं ठीक ना?" बायकोनं आल्या आल्या विचारलं.

"एकदम!" मी म्हणालो. काही झालंच नसेल, मग उगाच तिचा जीव टांगणीला का लावा? म्हणून मी माझाच लावला.

राणीसाहेब सासरी जाऊन आल्या आणि यथावकाश पोट दिसायला लागलं. बायको खुशीत होती. एकदा भाजी निवडताना म्हणाली, "आता रंग बघायला मजा येईल. पिल्लांच्या रंगावरून बाप ओळखता येतो, माहितीये? म्हणजे कसं, की..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. (ऐकलं असतं, तर माझे निम्मे हाल वाचले असते.) डोळ्यांसमोर टोपलीभर केशरी पिल्लं आणि प्रत्येकाचा एकेक कान फाटलेला!

शेवटी धीर करून ऑफिसातून जनावरांच्या एका अनोळखी डॉक्टरांना फोन लावला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई बायकोच्या पक्षातल्या.

"डॉक्टर, जरा खाजगी आहे," मी तोंडावर हात धरून म्हणालो. "एकाच बाळंतपणात दोन बापांची पोरं होऊ शकतात?"

"हो, सहज."

"सहज? अरे बापरे! आणि रंगावरून कळतं? बायकोला अजून काही माहीत नाही हो!"

फोन ठेवला आणि मागे वळलो, तर हेडक्लार्क उभे. डोळे पाणावलेले.

"धीर सोडू नका," माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले. "मूल कुणाचं का असेना, आपलं म्हणून वाढवायचं."

"साहेब, मी मांजरीबद्दल बोलत होतो!"

"हो हो, मांजरीबद्दलच," ते हळूच म्हणाले. "मी कुणाला काही बोलणार नाही."

संध्याकाळपर्यंत सगळं ऑफिस माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलं. पण एक कोडं कुणालाच सुटत नव्हतं: बायकोला काही माहीत नाही, म्हणजे नेमकं कसं? त्यावर म्हणे दोन गट पडले होते.

अखेर एका रविवारी दुपारी राणीसाहेबांनी कपाटाशेजारच्या खोक्यात बूड टेकलं. बायको टॉवेल आणि छोटा वजनकाटा घेऊन बसली. मी दाराशी येरझारा घालत होतो. पहिलं पिल्लू काळं. दुसरं करडं, म्हणजे निळं. माझा जीव जरा भांड्यात पडला. आणि तिसरं बाहेर आलं ते लखलखीत केशरी!

"माझंच चुकलं!" मी मटकन खाली बसलो. "मीच खिडकी उघडली! मीच पैलवानाला आत घेतलं! मला माफ कर!"

बायकोनं पिल्लावरची नजर उचलली.

"कुठली खिडकी?"

मी सगळं सांगून टाकलं. पिल्लू पुसता पुसताच ती म्हणाली, "अहो, केशरी रंग मुलाला आईकडूनच मिळतो. बापाचा त्यात काही संबंध नसतो. राणी टॉर्टी आहे. तिचे मुलगे काळे तरी होणार, नाहीतर केशरी तरी. दोन्ही घरचेच. हेच तर सांगत होते मी तेव्हा!"

"म्हणजे... काहीच बिघडलं नाही?"

"मुलगा असेल तर. पण केशरी मुलगी असेल, तर बापही केशरीच लागतो."

"मग बघ की, काय आहे ते!"

"एवढ्याशा जिवाचं आत्ता काय दिसणार आहे, डोंबल?"

डॉक्टरीणबाई आल्या. शेपटी उचलून, चष्मा पुसून, पुन्हा शेपटी उचलून बराच वेळ पाहत राहिल्या. मी भिंत धरून उभा. "बोका वाटतोय," त्या म्हणाल्या.

"सुटलो!" मी ओरडलो.

"कसले सुटलात?" बायको म्हणाली. "पैलवानाचा मुलगाही असाच दिसेल. आता तिघांचीही डीएनए चाचणी करावी लागणार. आणि रंगाचं सोडा हो, त्या बोक्याला काही आजार असता आणि माझ्या राणीला लागला असता तर? तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी तिला सासरी नेलंच नसतं."

तिचा आवाज कापला, तेव्हा मला पहिल्यांदा खरी लाज वाटली. त्याच दुपारी तिनं पिल्लांसाठी थांबलेल्या सगळ्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनाही.

"माझा निळू तसला नाही!" फोनमधून आवाज आला.

"बाई, प्रश्न त्याच्या चारित्र्याचा नाहीये," बायको म्हणाली. "आमच्या ह्यांनी उघडलेल्या खिडकीचा आहे."

राणीसाहेबांची पुन्हा तपासणी झाली. त्या ठणठणीत निघाल्या. पिल्लांच्या गालांच्या आतून कापसाचे बोळे फिरवून नमुने तपासणीला गेले. निकालाची वाट बघणं सुरू झालं. बायको बोलत होती, पण 'मीठ द्या' एवढंच. मधल्या काळात तिनं पैलवानाला पिंजऱ्यात धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि त्याच्या बाप होण्याचा प्रश्न कायमचा मिटवला. परत आल्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर मी आठवडाभर न सांगता भांडी घासली.

निकाल आला. तिन्ही पिल्लं निळूचीच! त्या दुपारी पैलवान बहुतेक फक्त जांभई द्यायला आला होता. बायकोनं वाचून कागद खाली ठेवला आणि मला चहा विचारला. मी गहिवरलो.

पिल्लं मोठी झाल्यावर एक जोडपं केशरी पिल्लाला बघायला आलं. बायको सांगत होती, "रंग आईचा, डोळे वडिलांचे, केस दोघांचे." तेवढ्यात ते पिल्लू पडद्यावर चढलं, सुटलं, थेट पाण्याच्या भांड्यात पडलं आणि उठून घाईघाईनं भिंतीवर आपटलं.

पाहुण्याबाई खळखळून हसल्या. "आणि हा वेंधळेपणा कुणाकडून आलाय? आईकडून की वडिलांकडून?"

"तो रक्तातला नाही," फरशी पुसायचं फडकं माझ्या हातात देत बायको म्हणाली. "तीन महिने यांच्या मांडीवर वाढलंय ना ते."