नसलेल्या आंब्यापासून दोनशे मीटर

डॉन एलादिओ यांनी विजेवर चालणारी गाडी मागवली, तेव्हा ती नव्वद दिवसांत दारात उभी राहील असे कंपनीने लेखी दिले होते. तो कागद त्यांनी जपून ठेवला, कारण पुढे आलेल्या सगळ्या कागदांपेक्षा त्यात एक गोष्ट जास्त होती: मुदत.

गाडी हौसेसाठी नव्हती. त्यांच्या सासूबाई दोन्या ओर्तेन्सिया एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या. पुंतारेनासच्या किनाऱ्यावर बसून दुधाची पूड घातलेला बर्फाचा गोळा पुन्हा एकदा खायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. पण पेट्रोल-डिझेलच्या वासाने त्यांना दुसऱ्या वळणावरच उलटी व्हायची. बायको मारिएलोस वारल्यापासून घरात सासू आणि जावई दोघेच होते. कॉफी कोण करणार यावरून ते रोज भांडत आणि शेवटी दोघेही करत, त्यामुळे घरात कॉफी नेहमी उरत असे.

पहिल्या पत्रात उशिराचे कारण चिपचा तुटवडा हे होते. दुसऱ्यात जहाज. तिसऱ्यात 'एकूण परिस्थिती'. चौथ्या पत्रात कंपनीने खरे सांगितले: गाडी बनवायला अजून घेतलेलीच नव्हती. कारखान्यात आधी गाडीच्या मेंदूत तिच्या घराचा पत्ता भरतात, मगच तिला चाके लावतात, आणि हा पत्ता काही भरला जात नव्हता.

अर्जावर रस्त्याचे नाव आणि घर क्रमांक अशा दोन चौकटी होत्या. कोस्टा रिकातल्या कोणत्याही शहाण्या माणसाप्रमाणे डॉन एलादिओंनी दोन्ही चौकटी ओलांडून लिहिले होते: 'आंब्याचं झाड होतं तिथून दोनशे मीटर दक्षिणेला, पंचाहत्तर मीटर पूर्वेला, हिरवं फाटक, कुत्र्यासमोर.'

"झाड उपग्रहातून दिसत नाही म्हणतात," विक्रेता ग्रेइविन फोनवर म्हणाला.

"कसं दिसेल? सत्त्याऐंशी साली तोडलं ते."

"मग आता तिथं काय आहे?"

"पेट्रोल पंप."

"मग पंपापासून दोनशे मीटर, असं लिहू या ना, डॉन एलादिओ."

"पंप कालपरवाचा आहे रे. तसं लिहिलंस तर पोस्टमन हरवेल."

ग्रेइविनने तरीही तसे लिहून पाठवले. कंपनीने कळवले की पर्यावरण धोरणानुसार तिच्या कोणत्याही अर्जात पेट्रोल हा शब्द चालत नाही. सबब झाडाचा दाखला जोडावा.

नगरपालिकेत सिनियाबाई होत्या. "असलेल्या झाडाचा दाखला मिळतो," त्या म्हणाल्या. "नसलेल्याचा हवा असेल तर तोडण्याचा परवाना दाखवा."

"परवाना कुणी काढलाच नव्हता."

"मग झाड तोडलेलं नाही."

"बाई, तुम्ही रोज सकाळी तिथंच पेट्रोल भरता."

"ते माझं खासगी आयुष्य झालं. दप्तरी तिथं आंबा आहे."

त्यांनी जुनी नोंद काढली, तेव्हापासूनची वाढ नियमाप्रमाणे धरली आणि दाखला दिला: आंबा, एक, उंची अठ्ठावीस मीटर, प्रकृती उत्तम.

कंपनी खूश झाली. दाखल्याची प्रत मात्र वीज मंडळाला गेली होती. मंडळाने कळवले की अठ्ठावीस मीटरचा आंबा तारांना लागतो. फांद्या छाटल्याशिवाय गाडीसाठी जोडणी देता येणार नाही.

मंगळवारी छाटणीचा ट्रक आला. अर्धा दिवस रस्ता बंद ठेवला. मुकादम करवत घेऊन ट्रकच्या उंच पाळण्यातून पंपाच्या छपरावर गेला आणि हवेत काळजीपूर्वक डावी-उजवीकडे करवत फिरवू लागला. खाली गर्दी जमली.

"डावीकडची राहिली," कुणीतरी ओरडले.

"ती वाळलेली आहे, आपोआप पडेल," मुकादम वरून म्हणाला.

"दोन-चार आंबे टाका की खाली."

"हंगाम नाही."

खाली उतरून त्याने छाटणी झाल्याची सही केली, आणि खालची माणसे वाळलेल्या फांदीखालून उगाचच दोन पावले मागे सरकली.

त्याच आठवड्यात समोरचा कुत्रा म्हातारपणाने मेला. सबंध गल्लीचे पत्ते त्याच्यावर होते. शेजाऱ्यांनी संध्याकाळच्या आत त्याच रंगाचा दुसरा आणून बांधला.

"एलादिओ, झाडाचा हट्ट सोड," दोन्या ओर्तेन्सिया म्हणाल्या. "फाटकाला एखादा नंबर ठोक आणि मला समुद्रावर ने. मी काय उपग्रह आहे का, कायम वर राहायला?"

"मारिएलोस मला त्या झाडाखाली भेटायला यायची. नंबरापाशी नाही."

म्हातारीने त्यांच्या कपात कॉफी ओतली. "माहीत आहे. मी भिंतीवरून बघत होते."

डॉन एलादिओंनी कपात साखर ढवळली. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत बोलला नाहीत."

"तू विचारलं होतंस?"

कंपनीचे शेवटचे पत्र सोमवारी आले. सर्व कागद बरोबर आहेत. झाडाची जागा जाणणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या येताच गाडीचे काम सुरू होईल. एक साक्षीदार घरचा, एक बाहेरचा.

घरची सही दोन्या ओर्तेन्सियांनी तिथल्या तिथे केली. बाहेरचा मात्र मिळेना. झाड आठवणारे म्हातारे गेले होते. पंपावरची माणसे धोरणात बसत नव्हती. मुकादम म्हणाला, मी फक्त छाटतो, ओळखत कुणाला नाही. सिनियाबाई खासगी आयुष्यात सही करत नसत.

तेव्हा साक्षीदार असा हवा, जो गावचा नाही, पण ज्याला झाडापासूनचे मीटर आणि दिशा पाठ आहेत. इथवर वाचणाऱ्या प्रत्येकाला त्या पाठ झाल्या आहेत. खाली जागा सोडली आहे, सही करावी. झाड पाहिलेले नाही म्हणता? ज्याने छाटले, त्याने तरी कुठे पाहिले होते?

काय म्हणता, उगीच कशाला कुठे सही करायची? ठीक आहे. दोन्या ओर्तेन्सिया टोपी घालून फाटकापाशी खुर्ची टाकून बसल्या आहेत. गाडी का अडली, असे त्या ग्रेइविनला रोज फोन करून विचारतात. चिप झाली, जहाज झाले, आंबा झाला. आता उशिराच्या कारणाच्या रकान्यात तो तुमचे नाव लिहितो.