पहिल्या दिवशी औषध नाही

नाशकात तांबट आळीत नरहरपंत वैद्य राहत. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलेल्या माणसाची नाडी ते पाहतीलच असं नसे. पुष्कळदा ते त्याच्यापुढं शेंगांनी भरलेलं सूप सरकवत, "सोला" म्हणत आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसत.

गावात त्यांना शेंगावैद्यच म्हणत. तापाला, खोकल्याला ते मुकाट्यानं पुडी बांधून देत. पण झोप लागत नाही, घास उतरत नाही, उगाच रडू येतं, असं काही घेऊन कुणी आला की सूप पुढं येई. घरच्या शेंगा फुकटात सोलून घ्यायची ही युक्ती आहे, असं टवाळ लोक म्हणत. त्यात काहीच तथ्य नव्हतं असं माझ्यानं म्हणवत नाही. वैद्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, उपासाला कूट कमी पडल्याचं मी कधी ऐकलं नाही. शिवाय औषधंही काकूच कुटत. वैद्यांनी खलबत्त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. मी तो आळस समजत होतो.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. तपासणीला आलेल्या दिपोटीसाहेबांसमोर एकदा माझी जीभ अडकली. तेव्हापासून शाळेची घंटा झाली की छातीत धडधडायचं आणि हातपाय गार पडायचे. बायकोला सांगायची लाज वाटे. अखेर हा हृदयविकारच असणार असं ठरवून मी वैद्यांकडे गेलो.

"छातीत धडधड होते," मी म्हणालो.

"कधी?"

"घंटा झाली की."

"देवळातली?"

"नाही, शाळेतली."

वैद्यांनी सूप सरकवलं.

"आणि औषध?"

"पहिल्या दिवशी औषध नाही. ऐकून ठेवा मास्तर, म्हणजे मागनं तक्रार नको. आज तुम्ही मला बरंचसं खोटं सांगाल. सांगा, माझी हरकत नाही. दुसऱ्या खेपेला तुम्ही येणार नाही. म्हणजे घरून निघाल, आळीच्या तोंडापर्यंत याल आणि परत फिराल. ती मी खेप म्हणूनच धरतो. तिसऱ्या खेपेला तुम्हाला माझा राग येईल. राग आला की समजा, गुण यायला लागला."

"आणि चौथ्या?"

"चौथ्या खेपेला शेंगा तुम्ही आणायच्या."

सगळं अगदी तसंच झालं. पहिल्या दिवशी मी अपचनाबद्दल तासभर बोललो. दुसऱ्या खेपेला आळीच्या तोंडाशी येऊन मागं वळलो, तर वैद्य ओट्यावरून हात वर करून खुणावत होते, "झाली खेप!" तिसऱ्यांदा मात्र माझा तोल गेला. मी एक घटका बोलतोय आणि हे गृहस्थ भिंतीकडे बघत फक्त "बरं, पुढं?" म्हणतायत! "तुम्ही वैद्य आहात की भिंत?" मी ओरडलो.

"बरं, पुढं?"

आणि मग पुढचं सगळं बाहेर आलं. दिपोटीसाहेब, हसलेली पोरं, नोकरी जाण्याची भीती, लहानपणी वडिलांसमोर अशीच अडकणारी जीभ, सगळंच. डोळे पुसून पाहिलं तर सूपभर शेंगा सोलून झाल्या होत्या. धडधड त्या दिवशी गेली नाही, पण तिची मला वाटणारी लाज गेली. पुढं हळूहळू घंटा ही नुसती घंटा राहिली.

एवढं ओरडून बोललो तरी बाहेर कुणाला कळलं नाही, कारण तांबट आळीत दिवसभर भांडी ठोकण्याचा असा गजर चाले की शेजारच्याची शिंकदेखील ऐकू येत नसे. वैद्यांनी बिऱ्हाड तिथं केलं ते म्हणे याचसाठी. फक्त अमावस्येला तांबटांचे हातोडे बंद असत, आणि त्या दिवशी वैद्यांकडे सूपही बंद असे.

एकदा मात्र घोटाळा झाला. सटाण्याकडचा एक दांडगा शेतकरी आत शेंगा सोलत होता. नेमके त्याच क्षणी सगळे हातोडे एकदम थांबले, आणि आळीभर त्याचा आवाज घुमला, "माले मन्ही सासूनं भ्याव वाटस!"

मग समोरचा म्हातारा सखाराम तांबट आपल्या ओट्यावरून ओरडला, "घाबरू नका पाव्हणे, सासूचं भ्या आम्हाला बी लय वाटतं!" आळी हसली, आणि आतला शेतकरीही पोट धरून हसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच हसलो, असं तो जाताना सांगून गेला. पण वैद्य फार कष्टी झाले. तेव्हापासून सखारामानं एक काम अंगावर घेतलं. वैद्यांकडे माणूस बसला असेल तोवर हातोडा थांबू द्यायचा नाही. हातात भांडं नसलं तर तो नुसती ऐरण ठोकी. मोकळ्या ऐरणीचा तो कोरडा आवाज आम्हाला ओळखू येऊ लागला.

मी बरा झालो तरी वैद्यांकडे जात राहिलो. एका अमावस्येला सहज शेंगांची पिशवी द्यायला गेलो. आळी शांत होती, लोक ओट्यांवर गप्पा मारत बसले होते. आत पाहतो तर वैद्य रोग्याच्या पाटावर बसलेले, आणि सूप त्यांच्याच पुढ्यात.

"मास्तर, आज तुम्ही तिकडं बसता का?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. शेंग फुटल्याचा आवाज आला. "आमचा वसंता," ते म्हणाले आणि थांबले. बाहेरचं बोलणं आत स्पष्ट ऐकू येत होतं, तेव्हा आतलंही बाहेर जाणारच. पुन्हा एक शेंग फुटली. "जाऊ द्या," वैद्य पुटपुटले. "आज अमावस्या."

तेवढ्यात समोरून ठण्ण आवाज झाला. मग दुसरा, आणि मग ठोक्यामागून ठोका. कुणीतरी रागावून विचारलं, "अहो सखारामबुवा, आज अमावस्या ना?" ठोके थांबले नाहीत.

वैद्यांचा आवाज चढला. वसंता, त्यांचा मुलगा, तेव्हा वीस वर्षांचा होता. दोन दिवस तो मागं लागला होता, अण्णा, एक सांगायचंय. वैद्य खलबत्त्यात औषध कुटत होते. "म्हटलं, थांब, एवढं कुटून होऊ दे. तिसऱ्या दिवशी तो घरात नव्हता. दहा वर्षं झाली, मास्तर. पत्र नाही की निरोप नाही. काय सांगायचं असेल हो त्याला?"

मला फार वाईट वाटलं. वळून त्यांचा हात धरावा, येईल हो तो परत, असं काहीतरी म्हणावं, असं वाटत होतं. पण मी त्यांच्याच हातून बरा झालेला माणूस होतो. भिंतीवरची नजर मी हलवली नाही.

"बरं," मी म्हणालो, "पुढं?"

बाहेर सखाराम मोकळी ऐरण ठोकत होता.